सव्वादोन, पावणेतीन आणि भास्कराचार्य

शहापूर-मुरबाडकडे भात मोजताना जुनी माणसं सव्वादोन पायली, पावणेतीन पायली असंच बोलतात. दोन्ही मिळून किती? आजी लगेच पाच सांगते आणि एम-वनची केटी घेऊन बसलेले आपण कॅल्क्युलेटर शोधतो! गंमत म्हणजे नेमक्या याच दोन संख्या पावणेनऊशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी 'लीलावती'त उदाहरणाला घेतल्या आहेत.

त्यांचा जन्म १११४ चा. गाव विज्जलविड, सह्याद्रीच्या आश्रयाचं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे आपला माहुली ज्या सह्याद्रीत, तोच. हे गाव नेमकं कुठलं यावर मात्र अभ्यासकांचं अजून एकमत नाही. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' हा त्याचाच अंकगणिताचा भाग. ६९ व्या वर्षी 'करणकुतूहल' लिहिला. मुलगी लीलावती आणि तिचा चुकलेला मुहूर्त ही गोष्ट मूळ ग्रंथात नाही बरं का, ती १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरातून आली.

आता अपूर्णांक. शाळेत पुष्कळ मुलं १/५ आणि १/३ मिळवून २/८ लिहितात. म्हणजे पाव! तिसऱ्या हिश्श्यात भर घातली आणि उत्तर तिसऱ्या हिश्श्याहून कमी आलं. खळ्यावर असा हिशेब केला तर वर्षाचं भात सावकाराच्या घरी जायचं. भास्कराचार्य ३, १/५ आणि १/३ यांची बेरीज सांगतात. सगळ्यांचा छेद १५ करा. अंश होतात ४५, ३ आणि ५. बेरीज ५३/१५, म्हणजे ३ पूर्णांक ८/१५.

वजाबाकीला त्यांनी १/१४ आणि १/६३ घेतले. छेदांचा सरळ गुणाकार येतो ८८२. पण हुशार माणसाने आधी दोन्ही छेदांना ७ ने भागावं, असं ते सुचवतात. उरतात २ आणि ९, मग छेद १२६ पुरतो. ९ वजा २ म्हणजे ७/१२६, म्हणजेच १/१८. झाला की आपला लसावि!

पूर्णांकाला अपूर्णांक जोडलेला असेल तर तो भागानुबंध, उणा असेल तर भागापवाह. पूर्णांकाला छेदाने गुणायचं आणि अंश मिळवायचा किंवा वजा करायचा. म्हणून सव्वादोन ९/४, पावणेतीन ११/४. इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्याला भागापवाह वेगळा समजावून द्यावा लागतो, मराठी पोराच्या तोंडात तो 'पावणे' म्हणून आधीच असतो.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. त्याला १२०७ मध्ये दान मिळालं. तिथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृत आहे, पण शेवटच्या ओळी मराठीत. त्या गणिताबद्दल नाहीत. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालातून मठाला काय मिळायचं, त्याचा हिशेब त्यात आहे.