नागपाड्याचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट

देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचे नाव आपल्यातील अनेक पालकांनी ऐकलेले असते. या संस्थेचा जन्म मुंबईच्या नागपाड्यात झाला, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट.

मॅन्शार्ट यांचा जन्म १८९७ चा, उच्च शिक्षण शिकागो विद्यापीठात. १९२५ साली ते अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आले. मिशनरी म्हटला की आपल्या मनात धर्मांतराची शंका येतेच. पण १९२७ साली सुरू झालेल्या नागपाडा नेबरहुड हाऊसमध्ये मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, हिंदू अशा सर्वांना सारखाच प्रवेश होता. तेथे वर्ग भरत, व्याख्याने होत, मुले खेळत. बास्केटबॉलसाठी नागपाड्याचे नाव झाले, त्यातही या घराचा वाटा आहे.

मोहल्ल्यातील दाटी, कर्ज आणि रोगराई रोज पाहिल्यावर मॅन्शार्ट यांची खात्री पटली की नुसत्या दयाळूपणाने हे काम भागणार नाही. आपणही दरसाल जकात, खैरात देतो. घेणाऱ्याच्या घरी ही वेळ का आली, याची चौकशी किती जण करतात? तीच चौकशी शास्त्रशुद्ध रीतीने शिकवावी, असा त्यांचा आग्रह होता.

१९३२ साली स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा ट्रस्टने त्यांची योजना उचलून धरली. १९३६ साली नेबरहुड हाऊसमध्येच 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. भारतातील समाजकार्याची ही पहिली शिक्षणसंस्था. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, प्रवेश पदवीधरांनाच, पहिल्या तुकडीत विद्यार्थी अवघे २०. वर्गातील अभ्यासाबरोबर वस्तीत प्रत्यक्ष काम आणि संशोधनही करावे लागे. १९३७ साली संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र काढले, तर १९४० पासून 'इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क' हे नियतकालिक. अभ्यासक्रमाचा साचा अमेरिकन होता आणि आपल्या खेड्यांना तो अपुरा पडला, ही टीका मला रास्त वाटते. तरी पाहणी केल्यावाचून मदतीची योजना आखू नये, ही शिस्त येथे रुजली ती त्याच साच्यातून.

डॉक्टर, इंजिनिअर, बी. एड. यांपलीकडे आपल्या घरांत फारसा विचार होत नाही. आपल्याच मोहल्ल्यात जन्मलेल्या या शिक्षणाकडे आपली किती मुले-मुली वळली, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

१९४१ साली मॅन्शार्ट मायदेशी परतले. त्यांच्यानंतर डॉ. जे. एम. कुमारप्पा यांनी संस्थेची धुरा वाहिली. १९४४ साली तिला आजचे नाव मिळाले, १९५४ साली ती देवनारला गेली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. मॅन्शार्ट १९५० च्या दशकात अमेरिकन दूतावासाचे सांस्कृतिक अधिकारी म्हणून पुन्हा भारतात, दिल्लीस आले. येथील कामाच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १९६७ साली निघाले.