पूज्य बाबासाहेब आणि नद्यांची धरणे

१९०१ साली सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकार तलाव खोदवीत होते. सुभेदार रामजी आंबेडकर त्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटावयास निघालेल्या लहानग्या भीमरावाला व त्याच्या सोबतच्या मुलांना मसूर स्टेशनापासून रात्रभर बैलगाडीच्या प्रवासात, अस्पृश्य म्हणून, कुठेही घोटभर पाणी मिळाले नाही. बाप तलावाचा हिशेब ठेवतो आहे आणि लेकरे तहानेने व्याकूळ! महाडचा संग्राम आपल्या वाचकांना तोंडपाठ आहे. पण याच बाबासाहेबांनी पुढे देशातील मोठ्या नद्यांवरील धरणांचे धोरण आखले, हे आपल्यातही पुष्कळांना ठाऊक नसते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे आले. १९४३ च्या दामोदरच्या महापुराने कलकत्त्याचे रेल्वे व रस्ते तुटले. पूर बंगालला बुडवीत होता, पण धरणासाठी जमीन जाणार होती बिहारची. म्हणून ३ जानेवारी १९४५ रोजी बाबासाहेबांनी दोन्ही प्रांतांना कलकत्त्यात एकत्र बसविले. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याप्रमाणे संपूर्ण नदीसाठी एकच मंडळ असावे आणि एकाच धरणाने पूर अडवावा, शेत भिजवावे, वीज द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला महानदीचा प्रश्न निघाला. तोवरचे तज्ज्ञ पुराचे पाणी समुद्राला लवकर कसे मिळेल एवढेच पाहत. बाबासाहेबांनी ती दृष्टीच नाकारली. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवावयाची असते, हे त्यांनी तेथे मांडले.

विजेवर त्यांचा विशेष भर होता. शेतीवर माणसांचा फार भार आहे, तो उद्योगधंद्यांनीच हलका होईल, हे त्यांनी १९१८ च्या लेखातच लिहिले होते. भूमिहीनाला गावकीच्या जोखडातून सोडविणारी गिरणी स्वस्त विजेवाचून चालत नाही, हे आमच्या धरणविरोधी मित्रांनी ध्यानात घ्यावे. मात्र धरणाने माणसे उठविली, हेही तितकेच खरे. महानदीवरील हिराकुडच्या पाण्याखाली शेकडो गावे गेली, आणि त्यांतील कित्येकांची भरपाईची तक्रार अनेक दशके मिटली नाही.

१३ जानेवारी १९५७ रोजी हिराकुडचे उद्घाटन झाले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा अडतीस दिवस झाले होते.