आटणाऱ्या सरोवराचा हिशेब

फेब्रुवारी १८०० मध्ये आलेक्सांडर फोन हंबोल्ट व्हेनेझुएलातील आराग्वा खोऱ्यात पोहोचला, तेव्हा तेथील मळेवाले एकाच चिंतेत होते. व्हॅलेन्सिया सरोवर वर्षानुवर्षे आटत चालले होते. या सरोवराचे पाणी समुद्राला मिळत नाही. मग ते जाते कोठे? तळाशी एखादे गुप्त भुयार असावे, असा लोकांचा तर्क होता. हंबोल्टने मात्र भोवतालच्या डोंगरांकडे पाहिले.

१७६९ मध्ये बर्लिनच्या सधन घराण्यात जन्मलेला हा मनुष्य काही काळ प्रशियाचा खाण-अधिकारी होता. १७९६ मध्ये आई वारल्यावर हाती आलेली संपत्ती त्याने प्रवास आणि उपकरणे यांवर खर्ची घातली. व्यवहारी माणसाने असे केले नसते. पण व्यवहारी माणसाला आराग्वाचे कोडेही सुटले नसते.

नीळ, कापूस आणि ऊस यांच्या लागवडीसाठी उतारांवरील झाडी तोडली गेली होती आणि सरोवराला मिळणारे ओढे पाटांनी शेतांकडे वळविले गेले होते. उघड्या उतारावर पाऊस मुरत नाही; तो माती घेऊन लोंढ्याने उतरतो आणि पुढे झरे कोरडे पडतात. हंबोल्टचे निदान असे होते. पुढे १८२२ मध्ये बूसँगो हा फ्रेंच शास्त्रज्ञ तेथे गेला, तेव्हा पाणी चढू लागले होते. स्वातंत्र्ययुद्धात मळे ओस पडले होते, रान पुन्हा माजले होते आणि ओढे आपल्या मूळ वाटेने वाहत होते.

१८१७ मध्ये त्याने समान तापमानाच्या रेषा नकाशावर आणल्या. १८२९ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर रशिया पालथा घातला. जंगलतोड, पाण्याच्या वाटणीतील फेरफार आणि कारखान्यांतून सुटणारे वायू यांमुळे माणूस हवामान बदलतो, हे त्याने १८४३ मधील आपल्या मध्य आशियावरील ग्रंथात मांडले. हिमालय पाहण्याची त्याची इच्छा मात्र राहून गेली; ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. गंमत अशी की, त्याच कंपनीचे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले आणि कोकणातील वृक्षतोडीने ओढे आटत असल्याचे सरकारच्या कानी घालीत राहिले. १८५९ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी हंबोल्ट बर्लिनमध्ये निवर्तला.

त्याचे सर्वच निदान टिकले, असे नाही. झाड स्वतःही पाणी पिते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामध्ये १९३४ पासून कोवीटाच्या प्रयोगक्षेत्रात ओढ्यांचे पाणी मोजले जात आहे. जंगल तोडल्यावर वर्षाचा एकूण प्रवाह बहुधा वाढतो, हे अशाच मोजणीतून सिद्ध झाले. उन्हाळ्यात झरा टिकणे मात्र जमिनीत किती पाणी मुरले यावर अवलंबून असते. आराग्वात तोड, पाट आणि हवामान यांचा वाटा वेगवेगळा करण्याचे साधन हंबोल्टजवळ नव्हते. आज पाणलोट क्षेत्राचे गणिती प्रतिमान तेच करते: पाऊस, बाष्पीभवन, मुरणे आणि वाहणे यांचा हिशेब मांडून एक कारण बदलायचे आणि बाकीची स्थिर ठेवायची. हा हिशेब नसला, की मंत्रालयापासून मळेवाल्यापर्यंत प्रत्येकाला सारा दोष पावसावर ढकलता येतो.

व्हॅलेन्सिया सरोवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुन्हा चढत गेले. या वेळी जंगलामुळे नव्हे. शेजारच्या खोऱ्यातून शहरांसाठी आणलेले पाणी सांडपाणी होऊन त्यात उतरत गेले आणि माराकाय शहराच्या काठच्या वस्त्यांत शिरले.