भातमुळांतील ॲझोस्पिरिलम आणि त्याचा शोधकर्ता बायजेरिंक



मावळात इंद्रायणीची आवणी सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो. रोपांची मुळे ॲझोस्पिरिलमच्या द्रावणात बुडवली, शेजाऱ्याला फरक दिसला, मग मला का नाही? उत्तरासाठी या जिवाणूचे सुरुवातीचे वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञाची ओळख करून घेऊ.

मार्टिनस बायजेरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी ॲम्स्टरडॅममध्ये झाला. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडाला आणि ते रेल्वेत कारकून झाले. मुलगा मात्र शिकला. कीटकांमुळे झाडांवर येणाऱ्या गाठींचा अभ्यास करून त्यांनी १८७७ मध्ये लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे वाखेनिंगेनच्या कृषी शाळेत शिकवले आणि १८८५ मध्ये डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथे १८८८ मध्ये त्यांनी कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतला जिवाणू वेगळा केला. आपण हरभऱ्याला चोळतो त्या रायझोबियमची ही सुरुवात. १८९५ मध्ये ते डेल्फ्टला प्राध्यापक झाले. स्वभाव कडक, लग्न केले नाही, बहिणींसोबत राहत.

त्यांची पद्धत आपल्या कामाची आहे. चिमूटभर मातीत असंख्य जिवाणू असतात. त्यातून हवा तो कसा काढायचा? त्यांनी खाद्य असलेले, पण नत्र नसलेले द्रावण केले आणि त्यात माती टाकली. हवेतील नत्र घेऊ शकणारेच त्यात वाढले. अशा प्रकारे १९०१ मध्ये ॲझोटोबॅक्टर मिळाला. म्हणजे जिवाणू निवडते ती परिस्थिती.

१९२१ मध्ये निवृत्त झाल्यावरही काम थांबले नाही. १९२५ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी स्पिरिलम लिपोफेरम या जिवाणूचे वर्णन केले. १ जानेवारी १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्याच देशात, उट्रेख्टमध्ये, वनस्पतींच्या वाढ संजीवकाला ऑक्झिन हे नाव मिळाले. आपला जिवाणूही ते तयार करतो, हे त्यांना कळलेच नाही. १९७८ मध्ये ॲझोस्पिरिलम ही प्रजाती निश्चित झाली आणि १९७९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी त्याची संजीवके व बाजरीच्या मुळांवरील परिणाम दाखवला.

संजीवक कशावर अवलंबून?

- कच्चा माल: ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. मुळांच्या स्रावातून ते मिळते, म्हणून मुळी जिवंत आणि ताजी हवी.
- खाद्य: खाद्य कमी पडून वाढ मंदावली की हा जिवाणू जास्त ऑक्झिन करतो.
- सामू: आम्लतेत प्रत्येक जिवाणू ऑक्झिन जास्त करतो, पण जिवाणूंची वाढ उदासीन सामूजवळ चांगली होते. लोणावळा पट्ट्यात मुसळधार पावसाने चुना धुपून माती आम्ल होते, म्हणून आधी माती तपासा.
- संख्या: ऑक्झिन थोडे असेल तर उपमुळ्या व केशमुळे वाढतात, जादा झाले तर मुळाची लांबी खुंटते. दुप्पट मात्रा म्हणजे दुप्पट फायदा नव्हे.

आवणीच्या वेळी काय कराल?

१. पाकिटावरील अंतिम तारीख पाहा. पाकीट उन्हात किंवा खतांच्या गोण्यांवर ठेवू नका.
२. राबातून रोपे काढल्यावर मुळे सुकू देऊ नका. मुळे धुऊन १५ ते ३० मिनिटे द्रावणात बुडवा आणि लगेच लावा.
३. द्रावणात युरिया, बुरशीनाशक किंवा कीटकनाशक मिसळू नका.
४. बीजप्रक्रिया करत असाल तर रासायनिक औषध आधी, जिवाणू सर्वांत शेवटी, आणि बियाणे सावलीत सुकवा.
५. युरिया मुबलक असला की जिवाणू हवेतील नत्र धरणे थांबवतो. म्हणून माती परीक्षणानुसार युरिया हप्त्यांनी द्या.

शेजाऱ्याचे आणि तुमचे पाकीट एकच असू शकते. पण जिवाणूला मिळालेली परिस्थिती एकच होती का, हे यंदा तपासून पाहा. खाचराच्या एका कोपऱ्यात द्रावणात न बुडवलेली रोपे लावा आणि तीन आठवड्यांनी दोन्हीकडची मुळे उपटून शेजारी ठेवा.