स्कॉलरशिप संपली, तरी बाबासाहेब लंडनला परत गेले

परदेशात शिकायचं म्हटलं की आधी पैशांचा प्रश्न येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढेही तोच होता.

1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेशही घेतला. पण स्कॉलरशिपची मुदत संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. चार वर्षांत परत येण्याची मुभा तेवढी होती. बडोद्यात नोकरी होती, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना!

मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं. 1920 मध्ये पुन्हा लंडन. 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली, प्रबंधाचा विषय होता रुपया.