जेरार्ड दे येर

बॅरन जेरार्ड याकोब दे येर (जन्म : २ ऑक्टोबर १८५८, स्टॉकहोम; मृत्यू : जुलै १९४३) हे स्वीडिश भूवैज्ञानिक होते. हिमनदीच्या पाण्याबरोबर येऊन तळाशी साचलेल्या चिकणमातीचे वार्षिक थर मोजून गेल्या हिमयुगाच्या अखेरच्या काळाची वर्षवार गणना करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. अशा थरांसाठी वापरला जाणारा ‘वार्व’ हा स्वीडिश शब्द त्यांच्यामुळे आंतरराष्ट्रीय परिभाषेत रूढ झाला. सरोवरांच्या गाळावरून प्राचीन काळातील आकस्मिक हवामानबदलांचा कालक्रम ठरवण्याच्या आजच्या अभ्यासाचा पाया या पद्धतीने घातला.

जीवन

दे येर यांचा जन्म स्वीडनमधील एका प्रतिष्ठित सरदार घराण्यात झाला. त्यांचे वडील लुई दे येर हे स्वीडनचे पहिले पंतप्रधान होते. त्यांचे बंधूही पुढे, १९२० मध्ये, पंतप्रधान झाले. जेरार्ड यांनी उप्साला विद्यापीठात शिक्षण घेतले आणि स्वीडनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत काम सुरू केले. हिमयुगानंतर स्कँडिनेव्हियाची भूमी कशी उंचावत गेली आणि प्राचीन किनारे आज किती उंचीवर आढळतात, हा त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचा विषय होता. १८८२ पासून त्यांनी उत्तर ध्रुवीय प्रदेशातील स्पिट्सबर्गेन येथे अनेक मोहिमा केल्या. १८९७ मध्ये ते स्टॉकहोमच्या उच्च विद्यालयात (आजचे स्टॉकहोम विद्यापीठ) भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले. १९०२ ते १९१० या काळात ते तेथील कुलप्रमुख होते. काही वर्षे ते स्वीडिश संसदेचे सदस्यही होते.

वार्षिक थरांची गणना

स्टॉकहोम परिसरातील चिकणमातीत फिकट व गडद पट्टे एकाआड एक दिसतात. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे हे पट्टेही वर्षागणिक तयार झाले असावेत, असा तर्क दे येर यांनी १८८०च्या दशकात मांडला. उन्हाळ्यात बर्फ वितळले की पाण्याबरोबर भरड गाळ येतो आणि त्याचा फिकट, जाडसर पट्टा साचतो. हिवाळ्यात वितळणे थांबते. तेव्हा पाण्यात तरंगत राहिलेले अतिसूक्ष्म कण सावकाश तळाशी बसून गडद, पातळ पट्टा तयार होतो. अशा दोन पट्ट्यांची जोडी म्हणजे एक वर्ष.

एखाद्या उन्हाळ्यात बर्फ अधिक वितळल्यास त्या वर्षीचा थर जाड होतो, कमी वितळल्यास पातळ राहतो. त्यामुळे जाड व पातळ थरांचा विशिष्ट क्रम जवळपासच्या ठिकाणी ओळखता येतो. १९०४ मध्ये स्टॉकहोमजवळ सुमारे एक किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणी हा क्रम जुळल्याचे दे येर यांना आढळले. हिमस्तर उत्तरेकडे मागे सरकत असल्याने जी जागा आधी मोकळी झाली तेथे थर आधी साचू लागले. सर्वांत खालचा थर ती जागा बर्फमुक्त झाल्याचे वर्ष दाखवतो. शेजारच्या ठिकाणांचे क्रम एकमेकांना जोडत गेल्यास हिमस्तराच्या माघारीचा वर्षवार नकाशा मिळतो.

१९०५ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम व उप्साला येथील प्रत्येकी दहा विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन दे येर यांनी सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या रेषेवर थरांची मोजणी केली. उभ्या छेदावर कागदाची पट्टी धरून थरांच्या सीमा तिच्यावर नोंदवल्या जात आणि नंतर आलेख शेजारी ठेवून जुळवले जात. हे अंतर मागे सरकण्यास हिमस्तराला सुमारे ८०० वर्षे लागली, असे या मोजणीतून निघाले. म्हणजे माघारीचा सरासरी वेग वर्षाला सुमारे २५० मीटर होता.

रागुंडा सरोवर

हिमयुगाच्या अखेरीपासून आजपर्यंतचा काळ मोजण्यासाठी दे येर यांना रागुंडा सरोवराचा उपयोग झाला. लाकडाचे ओंडके वाहून नेण्यासाठी धबधब्याला वळसा घालणारा कालवा खोदला जात असताना, ६ जून १७९६ रोजी वाळूचा नैसर्गिक बांध फुटला आणि हे सुमारे २५ किलोमीटर लांबीचे सरोवर काही तासांत रिकामे झाले. उघड्या पडलेल्या तळाला नदीने कापल्यामुळे हजारो वर्षांचे थर पाहता आले. १९१० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेचे अध्यक्षपद दे येर यांनी भूषवले. तेथे त्यांनी गेल्या सुमारे १२,००० वर्षांची कालगणना मांडली. वर्तमानाशी अधिक नेमकी जोडणी त्यांचे शिष्य राग्नार लिडेन यांनी ओंगेरमान नदीच्या खोऱ्यातील गाळावरून केली व ती १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली.

दूरस्थ जुळणी आणि वाद

स्थानिक यशानंतर दे येर यांनी जगभरातील थर स्वीडनच्या कालगणनेशी जुळवण्याचा प्रयत्न केला. १९२० मध्ये ते पत्नी एब्बा हुल्ट दे येर, लिडेन आणि अर्न्स्ट आंतेव्स यांच्यासह उत्तर अमेरिकेत गेले. पुढे दक्षिण अमेरिका व हिमालयातील थरांचीही जुळणी केली गेली. सूर्याच्या उष्णतेतील वार्षिक चढउतार सर्वत्र सारखेच उमटतात, हे त्यामागील गृहीतक होते. मात्र थराची जाडी स्थानिक वितळण, हिमस्तरापासूनचे अंतर आणि गाळाचा पुरवठा यांवरही अवलंबून असते. आंतेव्स अमेरिकेतच राहिले. त्यांनी न्यू इंग्लंडच्या प्राचीन हिमसरोवरांतील थरांची स्वतंत्र गणना तयार केली आणि महासागरापलीकडील जुळणी नाकारली. या प्रकारची जुळणी पुढे सर्वसाधारणपणे त्याज्य ठरली. स्वीडनमधील साखळीतही काही शतकांचे थर निसटल्याचे नंतर दिसून आले. मूळ पद्धत मात्र टिकली.

उत्तरायुष्य व वारसा

१९२० मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने त्यांना वोलास्टन पदक दिले. १९२४ मध्ये प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी भूकालगणना संस्थेचे काम पाहिले. स्वीडनच्या कालगणनेवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या निधनानंतर एब्बा यांनी हे कार्य पुढे चालवले. हिमस्तराच्या कडेशी पाण्याखाली तयार झालेल्या एका प्रकारच्या हिमोढांना आणि स्पिट्सबर्गेनमधील एका दरीला दे येर यांचे नाव आहे.

आज वार्षिक थरांच्या मोजणीला किरणोत्सारी कार्बन, परागकण व ज्वालामुखीय राख यांच्या अभ्यासाची जोड दिली जाते. जपानमधील सुइगेत्सू सरोवराच्या थरांवरून किरणोत्सारी कार्बन कालमापन अधिक अचूक करण्यात आले. जर्मनीतील मेअरफेल्डर मार या सरोवराच्या गाळाचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १२,७०० वर्षांपूर्वी ‘यंगर ड्रायस’ या शीतकाळाच्या आरंभी पश्चिम युरोपातील वाऱ्यांचे स्वरूप एका वर्षातून दुसऱ्या वर्षात बदलले, असे त्यातून दिसले. केवळ शतकांच्या अचूकतेने होणाऱ्या कालमापनातून इतका जलद बदल ओळखता आला नसता.