थंडीला पुरून उरणारं संत्रं शोधत होता, गाठ पडली खैऱ्याशी!

लिंबाच्या पानांवर आणि फळांवर खरबरीत तपकिरी डाग पडतात ना, तोच खैऱ्या रोग. जगभर त्याला सिट्रस कँकर म्हणतात. जिवाणूंमुळे होणाऱ्या या रोगाने एका शास्त्रज्ञाच्या मेहनतीची भलतीच परीक्षा घेतली.

वॉल्टर स्विंगल. जन्म १८७१ चा, पेनसिल्व्हेनियातला. विशीतच अमेरिकेच्या कृषी खात्यात लागला आणि फ्लोरिडातल्या यूस्टिस गावी संत्र्यांच्या रोगांवर काम करू लागला. १८९४-९५ च्या हिवाळ्यात तिथे अशी थंडी पडली की बागाच्या बागा गेल्या. स्विंगलने १८९७ पासून गोड संत्र्याचा संकर त्रिपर्णी संत्र्याशी करायला घेतला. हे त्रिपर्णी चवीला कडू, पण कडाक्याच्या थंडीलाही न जुमानणारं. यातून आलं 'सिट्रेंज'.

घात तिथेच झाला. १९१० च्या सुमारास जपानहून आलेल्या त्रिपर्णीच्याच रोपांवरून कँकर अमेरिकेत शिरला. औषध नव्हतं. फ्लोरिडात बागेतली अडीच लाखांवर झाडं आणि रोपवाटिकांतली ३० लाखांवर रोपं नष्ट करावी लागली. १९१५ मध्ये क्लारा हासे यांनी यामागचा जिवाणू शोधून काढला.

मग प्रश्न आला, या रोगाला दाद न देणारं झाड कोणतं? अलाबामात पेल्टियर आणि फ्रेडरिक यांनी लिंबूवर्गातल्या जाती, संकर आणि रानटी भाऊबंद यांना मुद्दाम जिवाणूंची लागण करून पाहिली. त्रिपर्णी सपशेल नापास, आणि थंडीत टिकणारी सिट्रेंजही बहुतेक त्याच वाटेने गेली. कमक्वाट मात्र तगलं.

गंमत म्हणजे स्विंगलने १९०९ मध्येच कमक्वाट आणि सिट्रेंज यांचा संकर केला होता, तोही थंडीसाठी. त्यातलं 'थॉमसविल' सिट्रेंजक्वाट कँकरलाही चांगलंच पुरून उरलं.

या कामात घाई चालतच नाही. १९०७ मध्ये ग्रेपफ्रूट आणि त्रिपर्णी यांच्या संकरातून त्याने केलेला खुंट १९७४ मध्ये बागायतदारांसाठी खुला झाला. नाव 'स्विंगल सिट्रुमेलो'. स्विंगल जाऊन तेव्हा २२ वर्षं झाली होती.

२००५ मध्ये फ्लोरिडात 'ग्रीनिंग' हा दुसरा जिवाणूजन्य रोग सापडला. तिथे ६ वर्षं चाललेल्या शेतचाचणीत तग धरणाऱ्यांमध्ये ऑस्ट्रेलियातली बोटभर लांब रानलिंबं होती. त्यांना 'मायक्रोसिट्रस' हे वेगळं कुळनाव दिलं होतं स्विंगलनेच, १९१५ मध्ये.